पाच रकान्यांत मावणारं विमान

कोलकात्याच्या दमदम विमानतळावर एअरबस ए-३२० उभं आहे. इंजिनं बंद आहेत, दारं उघडी आहेत, प्रवासी अजून सुरक्षा तपासणीच्या रांगेत आहेत. वैमानिक डोक्यावरच्या पॅनलवरचे तीन नॉब 'नॅव्ह'वर फिरवतो. त्यानंतर साधारण दहा मिनिटं विमान जागचं हलवायचं नसतं, कारण या दहा मिनिटांत ते पृथ्वीचं फिरणं मोजत असतं.

हे अक्षरशः खरं आहे. विमानात इनर्शियल रेफरन्स सिस्टिम नावाच्या तीन पेट्या असतात. त्यांतल्या लेझर जायरोमध्ये प्रकाशाचे दोन किरण एकाच बंदिस्त वाटेवरून उलटसुलट दिशांनी धावत असतात. पेटी जरा जरी वळली, तर एका किरणाचा फेरा किंचित लांबतो आणि दुसऱ्याचा आखूड होतो. हा फरक मोजला की वळण किती झालं ते कळतं. उभं विमान वळत नाही असं आपण समजतो, पण दमदमची जमीन पृथ्वीबरोबर ताशी १५ अंशांनी वळते आहे आणि पेटीला ते जाणवतं. गुरुत्वाकर्षणावरून खाली कुठे आहे हे तिला आधीच कळलेलं असतं. आता पृथ्वीच्या फिरण्याचा अक्ष सापडला की खरी उत्तर दिशाही सापडते. होकायंत्र लागत नाही, उपग्रह लागत नाही.

पुढची गोष्ट मला याहून सुंदर वाटते. ध्रुवावर उभं राहिलं तर ते १५ अंश पूर्णपणे पायाखालच्या उभ्या रेषेभोवती फिरतात, विषुववृत्तावर त्यांतला एकही अंश त्या रेषेच्या वाट्याला येत नाही. दमदमला हा वाटा ताशी पावणेसहा अंशांच्या आसपास भरतो. तेवढ्यावरून पेटी ओळखते की आपण उत्तर अक्षांश साडेबावीसच्या थोडं वर आहोत. रेखांश मात्र तिला असा काढता येत नाही. एका अक्षांशावर सगळीकडे पृथ्वी सारखीच फिरते, त्यामुळे कोलकाता आणि त्याच अक्षांशावरचं दुसरं कुठलंही गाव तिला एकच वाटतं. ते तिला सांगावं लागतं, हल्ली बहुधा जीपीएस सांगतं.

घरच्या संगणकावरच्या बऱ्याच सिम्युलेटरांत ही दहा मिनिटं सेटिंगमधून वगळता येतात. वगळू नयेत असं माझं मत आहे. ऑटोपायलट समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच होते: स्वतः कुठे आहोत, कुठल्या दिशेला तोंड आहे आणि क्षितिज कुठे आहे, हे ठाऊक असल्याशिवाय कुठलंही यंत्र विमान चालवू शकत नाही.

विमान चालवणं हे मुळात दोन वेगळ्या कामांचं मिश्रण आहे आणि दमदमच्याच इतिहासात ती दोन्ही कामं वेगवेगळी उभी असलेली दिसतात. १७ जून १९३७ रोजी वैमानिक अमेलिया इअरहार्ट कराचीहून उडत दमदमला उतरली. ती जगप्रदक्षिणेला निघाली होती. तिच्या लॉकहीड इलेक्ट्रा विमानात स्पेरी कंपनीचा जायरोपायलट होता. तो विमान सपाट ठेवायचा, दिलेली दिशा धरून ठेवायचा, बस्स. विमान या क्षणी कुठे आहे आणि आता कुठे वळायला हवं, हे काम फ्रेड नूनन या दिशादर्शकाचं होतं. तारे, सूर्य, घड्याळ आणि नकाशे ही त्याची साधनं. म्हणजे एक यंत्र विमान धरून ठेवणारं आणि एक माणूस वाट जाणणारा. दुसऱ्या दिवशी ती दोघं पावसानं भिजलेल्या दमदमवरून ब्रह्मदेशातल्या अक्याबकडे निघाली. पुढे दोनच आठवड्यांनी पॅसिफिक महासागरात एक छोटं बेट त्यांना सापडलं नाही, आणि तीही कुणाला सापडली नाहीत.

योगायोग असा की त्या १८ जूनला ऑटोपायलटच्या पहिल्या जाहीर प्रात्यक्षिकाला बरोबर २३ वर्षं झाली होती. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी या एकवीस वर्षांच्या तरुणानं प्रेक्षकांसमोरून विमान नेलं ते दोन्ही हात वर करून. पुढच्या फेरीला त्याचा मेकॅनिक एमिल काशाँ पंखावर चालत गेला. एका बाजूला माणसाचं वजन आलं तरी जायरोस्कोपनी विमान सपाट ठेवलं.

आजच्या विमानात नूननचं काम फ्लाइट मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे एफएमएस करते. १९८२ मध्ये सेवेत आलेलं बोइंग ७६७ दोनच वैमानिक चालवू शकले, त्यामागे ही यंत्रणा होती. ऑटोपायलट हात आहेत, एफएमएस वाट जाणते. सिम्युलेटरवर बसणारा नवखा माणूस बहुधा या दोघांना एकच समजतो आणि तिथेच सगळा गोंधळ सुरू होतो.

आता कोलकात्याहून मुंबईला निघू. दोन वैमानिकांच्या मधे एमसीडीयू नावाचे छोटे पडदे आणि कळफलक असतात. त्यावर आधी निघण्याचं आणि पोहोचण्याचं ठिकाण: व्हीईसीसी, व्हीएबीबी. मग मार्ग. मार्गावरचे सगळे बिंदू, विमानतळांच्या धावपट्ट्या, रेडिओ केंद्रं एफएमएसच्या कोठारात आधीच असतात आणि दर २८ दिवसांनी जगभर एकाच वेळी ती माहिती नवी होते. मग विमानाचं वजन, इंधन, वरच्या वाऱ्यांचे आकडे. हिवाळ्यात या शेवटच्या आकड्यांना फार महत्त्व. त्या दिवसांत उत्तर आणि मध्य भारतावरून बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात, मुंबईला जाणाऱ्या विमानाला ते समोरून लागतात आणि कोलकात्याला येणाऱ्याला पाठीवर घेतात. म्हणून त्याच सुमारे साडेसोळाशे किलोमीटरांना जाताना जास्त वेळ लागतो.

इथेच एक आकडा भरावा लागतो, कॉस्ट इंडेक्स. वेळेची किंमत आणि इंधनाची किंमत यांचं गुणोत्तर. शून्य भरलं तर विमान इंधन वाचवत रमतगमत जातं, ए-३२० मध्ये ९९९ भरलं तर इंधनाची पर्वा न करता पळतं. चढताना किती वेग, वर गेल्यावर किती वेग, उतरायला कधी सुरुवात करायची, हे सगळं या एका आकड्यानं सरकतं. एका विमान कंपनीचं अख्खं अर्थशास्त्र तीन अंकांत बसवलेलं आहे.

आणखी एक आकडा मला फार आवडतो. धावपट्टी लांब आणि विमान हलकं असेल तर उड्डाणाला पूर्ण जोर लावायची गरज नसते, इंजिनाचं आयुष्य वाचतं. मग वैमानिक एफएमएसला बाहेरचं तापमान खऱ्यापेक्षा जास्त सांगतो. दमदमला ३२ अंश असताना समजा ५५. गरम हवेत इंजिन जेवढा जोर देऊ शकलं असतं, तेवढाच जोर ते देतं. जाणूनबुजून सांगितलेल्या या तापमानाला 'फ्लेक्स' म्हणतात.

धावपट्टी सोडल्यावर ऑटोपायलट लावता येतो आणि इथून पुढे समोरच्या काचेखालच्या पट्टीवरचे चार नॉब मुख्य होतात: वेग, दिशा, उंची, चढउताराचा दर. एअरबसच्या अभियंत्यांनी इथे एक अप्रतिम गोष्ट केली आहे. वेग, दिशा आणि उंची यांचा नॉब पुढे ढकलला की ते काम एफएमएसच्या हवाली होतं, 'मॅनेज्ड'. स्वतःकडे ओढला की ते काम वैमानिकाकडे येतं, 'सिलेक्टेड'. ढकललं म्हणजे तुझं, ओढलं म्हणजे माझं. समजा मार्ग एफएमएसनं ठरवलेलाच हवा आहे, पण कोलकात्याच्या नियंत्रकानं वेग कमी करायला सांगितलं. मग फक्त वेगाचा नॉब ओढायचा, दिशेला हात लावायचा नाही. पडद्यावर वेगाचं लक्ष्य जांभळट गुलाबीतून निळं होतं. रंगावरूनच कळतं की हा आकडा कुणाचा.

आत चाललेलं गणित समजायला कठीण नाही. ऑटोपायलट सतत दोन गोष्टींची तुलना करतो: हवं काय आणि आहे काय. ३६,००० फूट हवेत आणि ३५,९६० आहेत, तर नाक थोडं वर. पण नुसतं एवढंच केलं तर विमान ३६,००० ओलांडून वर जाईल, मग खाली येईल, मग पुन्हा वर, आणि मागच्या प्रवाशांच्या पोटात गोळा येईल. म्हणून ऑटोपायलट फरक किती आहे ते बघतो आणि फरक किती वेगानं मिटतो आहे तेही बघतो. जवळ येता येता तो आपणहून जोर सैल करतो. एखादा फरक बराच वेळ तसाच रेंगाळला तर त्याची नोंद ठेवून थोडी जास्त दुरुस्ती करतो. हे अखंड चालू असतं आणि ए-३२० मध्ये या दुरुस्त्यांनी वैमानिकाच्या बाजूची दांडी हलत नाही, इंजिनांच्या लीव्हरही एका खाचेत स्थिर असतात. बोइंगमध्ये त्या हलतात. कुठलं बरं, यावर वैमानिक तावातावानं बोलतात. मला हलणाऱ्या लीव्हर पटतात, कारण हाताला कळलेलं डोळ्यांना शोधावं लागत नाही.

साधारण अर्धी वाट संपली की खाली नागपूर येतं. १९४९ मध्ये भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, कोलकाता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांतून चार डाकोटा विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं परत आपापल्या शहरी. काळोखात, जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांच्या आधारानं. आज सिम्युलेटरच्या नकाशावर नागपूरचं केंद्र 'एनएनपी' या तीन अक्षरांत दिसतं आणि विमान त्याच्याजवळून न अडखळता पुढे सरकतं.

टपालाचा आणि सिम्युलेटरचाही एक जुना संबंध आहे. अमेरिकेत एडविन लिंकनं १९२९ मध्ये आपलं पहिलं उड्डाण-प्रशिक्षण यंत्र बनवलं. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता, तिथले हवेचे भाते वापरून त्यानं जमिनीवरचं खोटं विमान डोलायला लावलं. सुरुवातीला ते जत्रेतला खेळ म्हणून विकलं गेलं. १९३४ मध्ये अमेरिकन लष्करी वैमानिकांवर टपाल वाहण्याचं काम आलं, खराब हवामानात त्यांतले बरेच मेले, आणि मग लष्करानं लिंकची सहा यंत्रं विकत घेतली. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं घरच्या संगणकासाठी फ्लाइट सिम्युलेटर आणलं. आज त्याच्यासाठी फ्लायबायवायर नावाच्या गटानं केलेलं ए-३२० फुकट मिळतं आणि त्याचा प्रोग्रामही कुणीही उघडून वाचू शकतं. सिम्युलेटरमध्ये वेळ थांबवता येतो, ही त्याची सर्वांत मोठी देणगी. ३६,००० फुटांवर विमान गोठवा आणि चहा घेत विचार करा की ते आत्ता जे करतं आहे ते का करतं आहे.

मुंबई जवळ येते. एफएमएसनं उतरण्याची वाट आधीच आखून ठेवली आहे, आणि ती आखली आहे उलटी: मुंबईच्या धावपट्टीपासून मागे मागे येत, प्रत्येक टप्प्याला वेग, वारा, वजन धरत, थेट ३६,००० फुटांपर्यंत. ती रेघ जिथे वरच्या उंचीला मिळते तो बिंदू मुंबईच्या सुमारे दोनशे किलोमीटर आधी, अहिल्यानगर जिल्ह्याच्या आसपास येतो. तिथपासून खाली इंजिनं जवळजवळ रिकामी चालतात. खंडाळ्याचा घाट पायडल न मारता सायकलनं उतरावा, तसं साठ-पासष्ट टनांचं विमान सह्याद्री ओलांडून येतं. हिशेब बरोबर असेल तर शेवटपर्यंत फारसं इंधन जाळावं लागत नाही.

पण तो बिंदू आला तरी ए-३२० आपणहून उतरत नाही. वैमानिकानं खालची उंची लावून नॉब ढकलेपर्यंत ते तसंच पुढे जात राहतं. सगळा हिशेब तयार आहे, तरी विमान माणसाची वाट पाहतं. ही रचना मला अत्यंत योग्य वाटते, कारण खाली रस्ता मोकळा आहे की नाही हे एफएमएसला ठाऊक नसतं, ते नियंत्रकाला आणि वैमानिकाला ठाऊक असतं.

आता त्या पाच रकान्यांकडे येतो, ज्यांच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. वैमानिकासमोरच्या मुख्य पडद्याच्या अगदी वर एक अरुंद पट्टी असते, एफएमए. तिच्यात पाच रकाने. पहिल्यात इंजिनं काय करत आहेत, दुसऱ्यात वर-खाली काय चाललं आहे, तिसऱ्यात डावं-उजवं, चौथ्यात उतरण्याची तयारी, पाचव्यात ऑटोपायलट लागला आहे की नाही. हिरवा शब्द म्हणजे हे चालू आहे, निळा म्हणजे हे पुढे व्हायचं आहे. शब्द बदलला की दहा सेकंद त्याभोवती पांढरी चौकट येते. नॉब आणि बटणं सांगतात तुम्ही काय मागितलं. विमानानं काय ऐकलं ते फक्त ही पट्टी सांगते.

पहिला आणि दुसरा रकाना नेहमी जोडीनं वाचायचा असतो. विमानाकडे उंची आणि वेग सांभाळायला दोनच साधनं आहेत: नाक आणि इंजिन. कधी नाक वाट धरतं आणि इंजिन वेग सांभाळतं. पहिल्या रकान्यात तेव्हा 'स्पीड' असतं. कधी इंजिन एका जागी बांधलेलं असतं आणि वेग नाकानं सांभाळायचा असतो. 'ओपन डिसेंट' ही त्यातली एक पद्धत: इंजिन रिकामं, 'थ्रस्ट आयडल', आणि वेग कमी पडला तर नाक खाली. भरपूर उंची असताना हे उत्तम. धावपट्टीजवळ मात्र नाक खाली करायला जागाच उरलेली नसते.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं उड्डाण मुंबईहून बंगळूरला निघालं. विमान ए-३२०, दोन-तीन महिन्यांचं नवं. विमानात १४६ जण होते. बंगळूरला उतरताना विमान ओपन डिसेंटमध्ये गेलेलं होतं. चौकशीत पुढे आलेली शक्यता अशी की चढउताराच्या दराच्या नॉबऐवजी उंचीचा नॉब फिरवला गेला असावा, ७०० चा आकडा दर म्हणून हवा होता तो उंची म्हणून लागला असावा. इंजिनं रिकामी होती. हातानं चालवताना नाक खाली जाऊ न देता वाट धरली गेली आणि वेग हळूहळू गळत गेला, हव्या त्या वेगाच्या सुमारे २५ नॉट खाली. नाक कुठे धरायचं हे पडद्यावर दाखवणारे दोन्ही फ्लाइट डायरेक्टर बंद झाले असते तर इंजिनं 'स्पीड'वर आली असती, पण एक चालू राहिला होता. शेवटी विमानानं स्वतःहून पूर्ण जोर लावला, परंतु रिकाम्या इंजिनाला जोर धरायला काही सेकंद लागतात आणि तेवढे उरले नव्हते. धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर विमान कोसळलं. ९२ माणसं गेली.

त्या सबंध वेळात एकही यंत्र बिघडलेलं नव्हतं. विमान दिलेला हुकूम पाळत होतं आणि कुठला हुकूम पाळतो आहे हे वरच्या पट्टीत लिहिलेलं होतं. दोन वर्षांनी, २० जानेवारी १९९२ रोजी, फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ दुसऱ्या एका ए-३२० चा अपघात झाला आणि ८७ जण मेले. त्या वेळी नॉबवरच्या खिडकीत उताराचा कोन ३.३ अंश आणि उताराचा दर मिनिटाला ३,३०० फूट हे दोन्ही जवळजवळ सारख्याच अंकांत दिसत. त्यानंतर एअरबसनं दर पूर्ण चार अंकांत दाखवायला सुरुवात केली.

बंगळूरचा प्रसंग सिम्युलेटरवर सुरक्षित उंचीवर स्वतः करून बघता येतो आणि प्रत्येकानं तो एकदा करावा. दहा हजार फुटांवर ओपन डिसेंट लावा, ऑटोपायलट सोडा, फ्लाइट डायरेक्टर चालूच ठेवा आणि नाक हातानं जरा वर धरा. वेगाची पट्टी शांतपणे खाली सरकत जाईल, कसलाही आवाज न होता. आता दोन्ही फ्लाइट डायरेक्टर बंद करा. पहिल्या रकान्यात 'स्पीड' उमटेल आणि इंजिनं चढू लागतील. कितीही पानं वाचून जे डोक्यात बसत नाही ते या दोन मिनिटांत बसतं.

हीच पट्टी आनंदानं वाचायची असेल तर दमदमला जानेवारीतल्या पहाटेचं दाट धुकं लावा आणि विमानाला स्वतः उतरू द्या. प्रवासी विमानानं असं पहिलं स्वयंचलित उतरणं १० जून १९६५ रोजी केलं, ब्रिटिश ट्रायडेंटनं, पॅरिसहून लंडनला येताना. जमिनीपासून साधारण ४०० फुटांवर पट्टीत 'लँड' येतं. खिडकीबाहेर अजून पांढऱ्याशिवाय काही नाही. शेवटच्या काही फुटांत 'फ्लेअर' उमटतं, नाक अलगद उचललं जातं. दहा फुटांवर विमान बोलतं, 'रिटार्ड', म्हणजे वैमानिका, आता लीव्हर मागे घे. चाकं टेकली की 'रोलआउट', आणि विमान धावपट्टीची मधली रेघ धरून धावतं.

म्हणून सिम्युलेटर सुरू कराल तेव्हा एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. नॉब ढकलला किंवा ओढला की नजर लगेच वरच्या पट्टीकडे न्या आणि तिथे उमटलेला नवा शब्द मोठ्यानं वाचा, खोलीत ऐकायला कुणी नसलं तरी. ए-३२० च्या वैमानिकांना प्रशिक्षणात हेच शिकवतात, आणि प्रत्यक्ष कॉकपिटमध्ये ते दर वेळी हेच करतात.